पूर्व क्षितिज मोकळे करून मिळणेबाबत

द्वारकाबाईंनी आयुष्यात एकही ग्रहण पाहिलेलं नाही, ही गोष्ट मानसिंगराव गावड्यांना लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेल्यावर कळली, आणि तीसुद्धा मटार सोलताना.

मटार द्वारकाबाई सोलत होत्या. मानसिंगराव पंचांग वाचत होते. निवृत्त माणसानं पंचांग वाचावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण मानसिंगराव ते चुका काढण्यासाठी वाचत. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी चौतीस वर्षं क्लार्क म्हणून काढली होती. उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर बसून राहिला तर त्याला खाली उतरवून, चपला काढून ठेवल्यात का हे बघून मगच ते वजन घ्यायचे. असा माणूस घरी बसला की घरातल्या घड्याळांचे हाल होतात. बारामतीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तीन घड्याळं होती आणि तिन्ही एकाच वेळी वाजत.

"तीन मार्चला खग्रास चंद्रग्रहण आहे," त्यांनी जाहीर केलं. "ऐन धुळवडीला. पण ग्रस्तोदित. म्हणजे चंद्र उगवणार तोच ग्रहण घेऊन. खग्रास भाग आधीच उरकलेला असणार, आपल्या वाट्याला शेपूट तेवढं. सहा चाळीसला उगवणार, सहा सत्तेचाळीसला सुटणार. सात मिनिटं."

"मला काय त्येचं," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी कदी गिऱ्हाण बघितलंच न्हाय."

मानसिंगरावांनी पंचांग खाली ठेवलं. "नाही म्हणजे?"

"न्हाय म्हंजी न्हाय. ल्हान व्हते तवा आई आत वडायची. लगीन झालं आन् पैल्याच गिऱ्हाणाला थोरला पोटात. मग मदला. मग धाकटी. मग अंगावर पिणारं लेकरू. त्येच्या फुडं सासूबाय व्हत्या. आन् त्या गेल्या तवर मला सवयच लागल्याली. गिऱ्हाण आलं की मी आपली आत."

"पण मी तर दर वेळी बाहेर..."

"तुमी बघायचा. आन् आत यून सांगायचा, कसं लाल झालं, कसं सुटलं. मी मांडीवर हात ठिवून आयकायची."

यात तक्रार नव्हती. शेंगेत किती दाणे निघाले हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं आणि पुढची शेंग घेतली. तक्रार असती तर मानसिंगरावांनी लगेच तिचा मुद्देसूद समाचार घेतला असता, त्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. पण त्यांना आठवलं, की आपण खरोखरच आत येऊन, हातवारे करकरून, रंगवून रंगवून सांगायचो. एकदाही असं सुचलं नाही की जिला सांगतोय तिला दोन पावलं बाहेर न्यावं. त्यांना लाज वाटली. साहजिकच ते मोठ्यानं बोलले.

"यंदा तुला ग्रहण दाखवणार!"

"आन् मटणाचं काय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. धुळवड म्हणजे मटण. आमच्या भागात रंग पंचमीला खेळतात. धुळवडीला फक्त खातात. यंदासारखी ती मंगळवारी आली, तर मंगळवार पाळणाऱ्यांनीही त्या दिवसापुरती देवाशी बोलणी करून ठेवलेली असतात. गावड्यांची धुळवड दर वर्षी काटेवाडीला, धाकट्या भावाच्या, दत्तोबाच्या घरी व्हायची. आणि ग्रहण म्हटलं की वेध आले. वेधात शिजवायचं नाही, खायचं नाही. म्हणजे मटणाचं पातेलं चुलीवर चढणार ते ग्रहण सुटून, आंघोळी होऊन, सातच्या पुढं.

मानसिंगरावांनी हे दत्तोबाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अण्णा, तुमी सांगितलं नसतं तर आमाला गिऱ्हाण लागलंच नसतं."

आता ग्रहण कुठून बघायचं हा प्रश्न. सात मिनिटांचं काम, चंद्र अगदी जमिनीला टेकलेला, म्हणजे पूर्वेला काही आडवं येता कामा नये. मानसिंगराव सोसायटीच्या गच्चीवर गेले तर पूर्वेला नव्या इमारतीची पाण्याची टाकी. ते तिच्याकडं बघत उभे राहिले तेवढ्यात तळमजल्यावरचे झुंबरआबा वर आले. आबा निवृत्त तलाठी. जमीन, पाणी आणि आकाश या तिन्ही खात्यांत त्यांना विचारल्याशिवाय काही होऊ नये असं त्यांचं मत होतं.

"हितनं काय दिसायचं न्हाय," आबा म्हणाले. "तुमी डाळजला जावा. उजनीचं पाणी फुडं. पार सोलापूरपत्तूर मोकळं. न्हायतर इंदापूर गाठा. इंदापूरला चंद्र आपल्या आधी उगवतो."

"किती आधी?"

"चांगला दोन मिन्टं."

दोन मिनिटं! सातची नऊ होणार! मानसिंगरावांनी त्या रात्री कागदावर हिशेब मांडला. इंदापूरला जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, मिळकत दोन मिनिटं. पुढं आणखी पूर्वेला गेलं तर आणखी. त्या हिशेबानं त्यांनी सोलापूर ओलांडलं आणि ते गुलबर्ग्याला पोचले, तेव्हा द्वारकाबाईंनी दिवा घालवला.

"धुळवडीला मी काटेवाडीला असणार," त्या अंधारात म्हणाल्या. "भावजींची सरू यकटी इतक्या जणांचं करणार व्हय? गिऱ्हाण तितं दिसलं तर बघीन."

झालं. स्थळ ठरलं. झुंबरआबांनी मुद्दाम येऊन आपल्या गुडघ्याचा एक्स-रे दिला, ग्रहण उघड्या डोळ्यांनी बघू नये म्हणून. ते सूर्याचं, आबा, असं मानसिंगरावांनी सांगून बघितलं. आबा म्हणाले, असू द्या, गुडघा चांगला आलाय.

दुसऱ्याच दिवशी मानसिंगराव स्कूटरवरून काटेवाडीला गेले. दत्तोबाच्या अंगणात उभं राहून त्यांनी पूर्वेकडं पाहिलं. पूर्वेकडं ऊस होता. आडसाली, अठरा महिन्यांचा, बारा-तेरा फूट उंच, अंगणापासून सुरू झालेला. घर पत्र्याचं, त्यामुळं वर चढायची सोय नाही. स्लॅब टाकायचा दत्तोबाचा बेत गेली दहा वर्षं पुढच्या वर्षी होता.

"ह्याला अजून तोड कशी नाही आली?" मानसिंगरावांनी विचारलं.

"नंबर न्हाय आला. यीन मार्चअखेर."

"तीन तारखेच्या आत गेला पाहिजे."

दत्तोबानं भावाकडं नीट पाहिलं. काट्यावरून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यात कोणाचा नंबर एका ट्रॅक्टरनं पुढं घेतला नाही, तो म्हणतोय तीन तारखेच्या आत. त्यानं आवाज खाली आणला. "अण्णा, काय आतली बातमी हाय का?"

"ग्रहण आहे."

"त्ये झालं. पर खरं कारण काय?"

मानसिंगरावांनी खरं कारण तीनदा सांगितलं. दत्तोबानं तिन्ही वेळा मान हलवली आणि डोळा मारला.

इथून गोष्ट मानसिंगरावांच्या हातातून जी सुटली ती सुटलीच. पण ते बिचारे शिस्तीनं चालले होते. आधी ते युवराजकडं गेले. युवराज हा त्या भागाचा चिटबॉय. कोणाचा ऊस कधी तुटणार याची चिठ्ठी देणारा हा गृहस्थ. हंगामात गाव त्याला नवरदेवासारखं वागवतं.

"काका, नंबर फुडं घ्यायला कारण लागतं," युवराज म्हणाला. "घरात लगीन असंल तर पत्रिका जोडा. मयत असंल तर दाखला. हिरीला पाणी न्हाय, वाटा अडवल्यात, असलं कायबी चालतं. आन् जळीत असंल तर कागूद बी लागत न्हाय. पेटलेला ऊस आमी त्याच दिवशी तोडतो."

"आत्ता पेटवू का?" मागून दत्तोबानं उत्साहानं विचारलं. त्याच्या हातात काडेपेटी होती. बिडीसाठी असावी, पण मानसिंगरावांनी ती काढून घेतली.

ग्रहण हे कारण यादीत नव्हतं. तेव्हा मानसिंगरावांनी रीतसर अर्ज करायचं ठरवलं. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे अर्ज वाचले होते. आता आपला अर्ज कसा असावा हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. त्यांनी तो तीनदा लिहिला. 'विषय : पूर्व क्षितिज मोकळे करून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, दिनांक तीन मार्च रोजी सायंकाळी सहा चाळीस ते सहा सत्तेचाळीस या वेळेत होणाऱ्या चंद्रग्रहणाचे अवलोकन करणेकामी माझे बंधू यांचे पाऊण एकर क्षेत्रातील ऊस अडथळा ठरत असून...' खाली सही, तारीख, आणि सोबत पंचांगाच्या पानाची झेरॉक्स.

कारखान्याच्या गट कार्यालयातल्या क्लार्कनं अर्ज वाचला, मग झेरॉक्स वाचली, मग पुन्हा अर्ज वाचला. "गावडेसाहेब," तो हळूच म्हणाला, "आमाला तरी खरं सांगा की."

"खरं तेच लिहिलंय!"

"व्हय व्हय," म्हणून त्यानं शिक्का मारला. मानसिंगराव जिना उतरेपर्यंत त्यानं मेव्हण्याला फोन लावलेला होता.

चोवीस तासांत काटेवाडीपासून सोमेश्वरनगरच्या रस्त्यापर्यंत सगळ्या वाड्यावस्त्यांवर एकच बोलणं. काट्यावरचे गावडे, ज्यांनी सख्ख्या बापाचा ऊससुद्धा नंबरानं घेतला, ते भावाचा ऊस तीन तारखेच्या आत तोडायला पायपीट करतायत. म्हणजे कारखाना तीन तारखेला बंद होणार. उघडच आहे. ग्रहण हे नुसतं सांगायला. अर्जात वेळसुद्धा दिलीय, सहा सत्तेचाळीसला शेवटचा भोंगा.

गट कार्यालयापुढं मोटारसायकली लागल्या. तोडीचे अर्ज इतके आले की क्लार्कनं दुपारी पोत्यात भरायला सुरुवात केली. काटेवाडीत त्या आठवड्यात न जमलेली अकरा लग्नं निघाली. एका हुशार माणसानं आजोबांचा मयताचा दाखला जोडला, त्यावर तारीख चोवीस वर्षांपूर्वीची होती. तालुका ओलांडून इंदापूरकडचे लोकही यायला लागले, आमच्या कारखान्याचं काय ठरलंय ते गावड्यांना विचारा म्हणून. मानसिंगराव फ्लॅटचं दार आतून लावून बसले. दाराबाहेर झुंबरआबा उभे राहून आलेल्यांना माहिती देत होते. माहिती त्यांना नव्हती, पण त्यामुळं ते कधी अडलेले नव्हते.

चौथ्या दिवशी शेतकी अधिकाऱ्यांचा फोन आला. माणूस सभ्य होता, पण आवाज थकलेला होता.

"गावडेसाहेब, तुम्ही लोकांना काय सांगितलंत?"

"ग्रहण."

"मीही तेच सांगतोय. कोणी ऐकत नाही. कारखाना एप्रिलपर्यंत चालणार असं मी फळ्यावर लिहिलं, तर लोक म्हणतात, बघा, घाबरलेत." फोनवर मोठा उसासा ऐकू आला. "ग्रहणासाठी कोणी ऊस तोडत नाही हो."

"मी तोडतो," मानसिंगराव म्हणाले. त्यांचा मानभंग झाला होता. मग त्यांना राहवलं नाही आणि त्यांनी परक्या माणसाला, एका साहेबाला, सगळं सांगितलं. मटार. थोरला, मदला, धाकटी. मांडीवर हात ठेवून बसलेली बायको. 

"आमच्या घरी पण आतच बसवतात," साहेब म्हणाले. "ठीक आहे. तोडीची टोळी पाठवतो. पण कृपा करून यापुढं अर्ज करू नका."

एक मार्चला टोळी आली. होळीच्या सकाळी अर्धा फड झाला. तीन तारखेला, धुळवडीला, कोयते थांबतील अशी सगळ्यांची खात्री होती, पण टोळीच्या मुकादमानं सांगितलं की आमचं मटण रात्रीच हाय, वेध आमाला बी हायतच, दुपारपत्तूर उरकून टाकू. काटेवाडीच्या घरात मात्र दुपारपर्यंत वातावरण चांगलंच तापलं होतं. चौदा माणसं उपाशी होती, आणि प्रत्येक जण येता-जाता मानसिंगरावांकडं बघत होता. सकाळी रांगेत उभं राहून आणलेलं चार किलो मटण फ्रिजमध्ये होतं. वेधात ठेवलेल्या अन्नावर तुळशीचं पान ठेवायचं असतं, हे सरुबाईला, दत्तोबाच्या बायकोला, माहीत होतं. पण मटणावर तुळस? त्यावर तासभर चर्चा झाली. शेवटी द्वारकाबाईंनी पान फ्रिजवर ठेवलं. आत नाही, वर.

"पोचतंय तितनं," त्या म्हणाल्या.

साडेपाचला शेवटची मोळी ट्रॉलीवर चढली. मानसिंगराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार होते. द्वारकाबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि वर विचारलं होतं, गिऱ्हाणाला जरीचं चालतं का. कोणालाच माहीत नव्हतं. सहा वाजता सगळं घर अंगणात आलं. ऊस गेला होता. पूर्वेला पाऊण एकर मोकळं रान, नुसतं वाळक्या पानांचं पाचट, त्याच्या पलीकडं वस्तीचा रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडं...

"ते काय आहे?" मानसिंगरावांनी विचारलं.

"ऊस," दत्तोबा म्हणाला. "शेजारच्या दादासोचा. त्येच्या मागं देवळापत्तूर सगळा ऊसच हाय."

"तुला माहीत होतं?"

"माजं रान हाय, मला म्हाईत नसंल व्हय?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुमी त्येचाबी अर्ज दिलाय."

बारामती तालुक्यात उसाच्या मागं ऊसच असतो, हे साठ वर्षं तिथं काढलेल्या माणसाच्या ध्यानात यायला हवं होतं. मानसिंगराव पाचटात मटकन बसले. सहा सव्वीस झाले होते.  द्वारकाबाईंनी पदर नीट केला आणि "ऱ्हाऊ द्या. उगा जिवाला लावून घिऊ नगा," असं म्हणून त्या आत जायला वळल्या. त्या आत वळलेल्या पाहिल्या मात्र, आणि मानसिंगराव पाचटातून उठले. चाळीस वर्षं ही अशीच आत गेली होती.

"थांब!" ते ओरडले. "दत्तोबा, शिडी आण!"

फडाच्या कडेला ट्रॅक्टर उभा होता, मागं दोन ट्रॉल्या, कमानीसारख्या भरलेल्या, जमिनीपासून चांगल्या चौदा फूट. त्या भागात चौदा फुटांवर दुसरी जागाच नव्हती. बांबूची शिडी मागच्या ट्रॉलीला लागली. द्वारकाबाईंनी शिडीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि कासोटा आवळला.

"सरू, मागनं ढकल गं. लाजू नगंस."

सरुबाईनं लाज सोडून ढकललं. मानसिंगरावांनी शिडी धरली. "डावा पाय! आता उजवा! दोरीला धर!" चौसष्ट वर्षांच्या द्वारकाबाई, "सांगू नगा, मला पाय हायत," असं म्हणत म्हणत वर पोचल्या आणि उसावर मांडी घालून बसल्या.

"काय दिसतंय?"

"समदं!" वरून आवाज आला. "अगं बया, मला पार भवानीनगरच्या कारखान्याची चिमणी दिसतीया!"

सहा सदतीस. आता मानसिंगरावांची पाळी. ते तिसऱ्या पायरीवर होते, तेव्हा ट्रॅक्टरचा ड्रायव्हर बिरदेव चहा पिऊन पलीकडच्या बाजूनं आला. त्यानं ना शिडी पाहिली, ना माणसं. काट्यावर आपला नंबर मागं जाईल एवढी एकच काळजी त्याला होती. त्यानं गाणं लावलं, मोठ्यानं, आणि ट्रॅक्टर सुरू केला.

शिडी उभी होती तिथंच क्षणभर उभी राहिली; टेकायला मात्र काही उरलं नाही. मानसिंगराव पाचटात पडले, मऊ पडले, लगेच उठले आणि धावायला लागले.

"बिरदेव! ए बिरदेव! बाईमाणूस आहे वर!"

गाण्यात तेव्हा ढोल वाजत होते. ट्रॅक्टर फडातून वस्तीच्या रस्त्याला लागला आणि वळून सरळ पूर्वेला निघाला. रस्ता एका ट्रॉलीपुरता, दोन्ही बाजूंना दादासोचा ऊस, त्यामुळं बाजूनं पुढं जायची सोय नाही. मानसिंगराव बरोबर मागं. त्यांच्या पुढं उसाची कमान, कमानीच्या टोकावर हिरवं लुगडं, आणि कमानीच्या पलीकडं, जिथं कुठं असेल तिथं, चंद्र. डावीकडं सरकले तर ऊस, उजवीकडं सरकले तर ऊस, समोर तर ऊसच. इस्त्रीचा शर्ट धुळीनं तांबडा झाला. त्यांनी धावता धावता घड्याळ पाहिलं. सहा एक्केचाळीस. म्हणजे उगवला!

"दिसतोय का?" ते ओरडले.

उत्तर नाही. द्वारकाबाईंची पाठ हालत नव्हती. घाबरली असणार, त्यांना वाटलं. पडेल. आपल्यामुळं पडेल. ग्रहण राहिलं बाजूला, आपण हिला चौदा फुटांवर चढवून हाकलून दिलं. सहा त्रेचाळीस. त्यांच्या छातीत धाप मावत नव्हती.

"धरून बस गं! घाबरू नको!"

आणि तेवढ्यात वरून आवाज आला. तो त्यांनी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. द्वारकाबाई हसत होत्या. मोठ्यानं, मोकळं, पोरीसारखं.

"अवो! दिसलं! दिसलं की वो! कोपऱ्यात काळं हाय! अगं बया बया, हालतंय त्ये! जातंय बघा सरकत!"

त्यांनी दोन्ही हात वर केले होते. मांडीवर नव्हते. मानसिंगराव तोंडात धूळ घेऊन त्या हातांकडं बघत धावत राहिले. सहा पंचेचाळीस. सहा सेहेचाळीस. चंद्र दिसेना, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याची आठवणही राहिली नव्हती.

डांबरी रस्त्याच्या तोंडाशी दुसरा ट्रॅक्टर आडवा आला म्हणून बिरदेव थांबला. गाणं बंद केल्यावर त्याला डोक्यावरून कोणीतरी बोलल्याचं ऐकू आलं. त्यानं वर पाहिलं आणि तो खालीच उतरला.

"आज्जी! तुमी कवापसनं वर हायसा?"

"फडापसनं," द्वारकाबाई म्हणाल्या. "चांगला चालिवतोस बाबा. यक धक्का बसला न्हाय."

मानसिंगराव पोचले. सहा पन्नास. ट्रॉलीच्या बाजूला येऊन त्यांनी पूर्वेला पाहिलं. उसाच्या तुऱ्यांवर चंद्र आला होता, पिवळा, वाटोळा, कुठं एवढासा डाग नाही.

"सुटलं," वरून द्वारकाबाई म्हणाल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं. "तुमी बघितलं न्हाय?"

 मानसिंगरावांनी धापा टाकत नुसती मान हलवली. दत्तोबा मोटारसायकलवर शिडी आडवी घेऊन येईपर्यंत द्वारकाबाई वरच बसून होत्या, आणि खाली उभा राहिलेला नवरा वर तोंड करून ऐकत होता. कसं आधी नुसतं लाल काहीतरी धुरात दिसलं. कसं वाटलं, हे चंद्र नव्हेच. मग कसं त्याचं तोंड वर आलं आणि एका बाजूला कुणी बोट बुडवलं असावं तसं काळं. "आन् मग त्ये निगालं," त्या म्हणाल्या. "कुनी ढकाललं न्हाय, काय न्हाय. आपलं आपुन निगालं. माज्या डोळ्यांत पानी आलं बगा, कशाला आलं कुनाला ठाव." मध्येच त्या थांबल्या. "आयकताय न्हवं?"

"ऐकतोय," मानसिंगराव म्हणाले. "पुढं सांग."

आंघोळी झाल्या. साडेआठला अंगणात पंगत बसली. चौदा माणसांनी दिवसभराची भूक रश्श्यावर काढली. अंगणातून कोणालाच काही दिसलेलं नव्हतं, दादासोच्या उसानं बघितलं असेल तेवढंच. झुंबरआबांचा फोन येऊन गेला, की आमच्या गच्चीवरनं काय दिसलं न्हाय, मला तर वाटतं यंदा झालंच नसंल. त्यामुळं ग्रहणाची साक्ष द्यायला सगळ्या वस्तीत द्वारकाबाई एकट्याच होत्या, आणि त्या देत होत्या. भाकरी वाढता वाढता पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काळं नखाएवढं होतं. रश्श्याच्या दुसऱ्या वाढपाला ते कोयत्याच्या पात्याएवढं झालं. शेजारच्या वस्तीवरून खास ऐकायला बायका आल्या, तेव्हा चंद्र निम्मा गिळलेला होता.

मानसिंगराव जेवत होते. पंचांगाप्रमाणं त्या वेळी उरलेला ग्रास म्हणजे जेमतेम एक कड, हे त्यांना पाठ होतं. निम्मा म्हणजे पाचपटीहून जास्त चूक. त्यांच्या तोंडातला घास थांबला.

"वैनी, निम्मा म्हंजी लई झालं," दत्तोबा म्हणाला. "मला न्हाय पटत. अण्णा, तुमी सांगा. तुमी व्हता तितं. खरंच निम्मा व्हता का?"

 चौतीस वर्षं काट्यावर ज्यानं कोणाला किलोची सूट दिली नाही, त्या माणसाकडं सगळे बघत होते. द्वारकाबाईही बघत होत्या, हातात पळी धरून. त्यांना माहीत होतं, हे कुठं होते आणि यांनी काय पाहिलं.

मानसिंगरावांनी घास गिळला.

"निम्म्याहून जरा जास्तच," ते म्हणाले. "मी घड्याळ लावून बघितलाय."

बायकांनी "अगं बाई!" म्हणून तोंडाला पदर लावले. द्वारकाबाईंनी पळी पातेल्यात खोल घातली, ढवळून ढवळून तळातली नळी शोधून काढली आणि ती नवऱ्याच्या ताटात वाढली.